सोर्स कोड हातात नसताना ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फीचर कसं घालतात?

पीएचडीला विषय शोधणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सिस्टिम्समध्ये काम करायला आवडेल हो, पण विंडोजचा सोर्स कोड कंपनीकडे. लिनक्सचा मिळतो, पण तो इतका अवाढव्य की हात लावायची भीती वाटते. मग मी त्यात नवीन काय घालणार?" आणि मग विषय बदलतो, गाडी मशीन लर्निंगकडे वळते. मशीन लर्निंगला माझा विरोध नाही. पण या कारणासाठी कुणी विषय सोडला की वाईट वाटतं, कारण हे कारणच खरं नाही.

कोड उघडता येत नाही म्हणजे बदल करता येत नाही, असं आपण गृहीत धरतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास पाहिला तर वापरणाऱ्यांनी आतलं काही न उघडता कितीतरी फीचर्स मिळवली आहेत. काही भांडून मिळवली, काही चोरवाटेने घातली, आणि काही अशा पद्धतीने की त्यावर उत्तम रिसर्च पेपर झाले. ते कसं केलं आणि त्याची काय किंमत पडली, ते आज बघू.

आधी एक कल्पना पक्की करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिम कधीच एकटी नसते. तिच्या वर प्रोग्रॅम असतात, ते तिला सिस्टिम कॉल करून कामं सांगतात. तिच्या खाली हार्डवेअर असतं: डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन, प्रोसेसर. बाजूला ड्रायव्हर असतात. या प्रत्येक ठिकाणी एक सांधा आहे. पेपरमध्ये त्याला इंटरफेस म्हणतात, मी इथे सांधाच म्हणते, कारण दोन वेगळ्या वस्तू जिथे जोडल्यात ती जागा डोळ्यांपुढे येते. भिंत फोडायची परवानगी नसली तरी सांध्यात काहीतरी बसवता येतं. प्रश्न एवढाच की कोणत्या सांध्यात.

आधी सरळ मागून बघणं

हा मार्ग वाटतो तितका भाबडा नाही. १९५५ साली आयबीएमचं ७०४ हे यंत्र घेणाऱ्या लॉस एंजेलिस भागातल्या संस्थांनी मिळून 'शेअर' नावाचा गट काढला. प्रत्येकाने तेच तेच प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे कशाला, हा साधा हिशोब होता. पुढे १९५९ च्या सुमारास ७०९ या यंत्रासाठी 'शेअर ऑपरेटिंग सिस्टिम' आली, म्हणजे वापरणाऱ्यांच्या गटाचं नाव थेट ऑपरेटिंग सिस्टिमलाच लागलं. त्या काळात सोर्स कोड यंत्रासोबत यायचा. लोक तो बदलायचे, टेपवर भरून एकमेकांना द्यायचे.

फेब्रुवारी १९८३ मध्ये आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअर फक्त ऑब्जेक्ट कोडच्या रूपात मिळेल, म्हणजे यंत्राला कळणारा कोड मिळेल, माणसाला वाचता येणारा नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने सिस्टिम दुरुस्त केली होती ते भडकले. विशेषतः व्हीएम ही सिस्टिम वापरणारे. त्यांनी अनेक वर्षं हा मुद्दा लावून धरला. धोरण काही मागे गेलं नाही, पण या भांडणातून आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे लेखी मागणीची पद्धत. शेअरमध्ये सदस्य आपली गरज लिहून मांडायचे, इतर सदस्य त्यावर मत द्यायचे, आणि कंपनीला उत्तर द्यावं लागायचं. शंभर जणांनी शंभर सुरांत केलेली तक्रार कंपनी टाळू शकते. मतदान होऊन वर आलेली एक मागणी टाळणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट 'एक्झिट'. सिस्टिम एखादं काम करता करता ठरलेल्या जागी थांबते आणि बघते की ग्राहकाने इथे स्वतःचा कोड बसवलाय का. असेल तर तो चालवते, मग पुढे जाते. सोर्स कोड बंद झाल्यावर वापरणाऱ्यांची मागणी साहजिकच अशी झाली की बाबांनो, कोड देत नाही तर निदान जास्त एक्झिट तरी द्या. म्हणजे भिंत तुमची, पण खिडक्या कुठे हव्यात ते आम्ही सांगू. आज ज्याला हुक, प्लगइन, कॉलबॅक म्हणतात तीच ही कल्पना.

मागणीच्या मार्गाची अडचण उघड आहे. संख्या तुमच्या बाजूने लागते. तुमची गरज मोजक्या लोकांची असेल, किंवा तुमची भाषा कंपनीच्या बाजारात बसत नसेल, तर मतदानात तुम्ही हरणारच.

डॉसवर देवनागरी

१९८० च्या दशकातला पीसी डोळ्यांपुढे आणा. डॉस, काळी स्क्रीन, ८० रकाने आणि २५ ओळी. सगळं इंग्रजीत. डॉसचा सोर्स कोड आपल्याकडे नाही आणि मराठीसाठी डॉस बदलून मिळण्याची शक्यता शून्य. तरी सरकारी कचेऱ्यांना, बँकांना, छापखान्यांना देवनागरी हवी होती.

डॉसमध्ये शिरणं तसं सोपं होतं. मेमरीच्या अगदी सुरुवातीला २५६ पत्त्यांचा एक तक्ता असायचा, प्रत्येक पत्ता ४ बाइटचा, मिळून १०२४ बाइट. डॉसची सेवा हवी असेल तर प्रोग्रॅम २१ क्रमांकाची इंटरप्ट द्यायचा (हा २१ सोळाच्या पायाचा), आणि प्रोसेसर त्या तक्त्यातल्या पत्त्यावर उडी मारायचा. तक्त्यावर पहारा कुणाचाच नव्हता. कुणीही तिथे स्वतःचा पत्ता लिहून, आपलं काम उरकून, मग मूळ पत्त्यावर उडी मारू शकत होतं. १९८४ साली आलेलं बोरलँडचं 'साइडकिक' मेमरीत असंच दबा धरून बसायचं, एक कळ दाबली की चालू कामाच्या वर कॅल्क्युलेटर किंवा वही उघडायची. मूळ डॉसमध्ये एका वेळी दोन कामांची सोयच नव्हती. ती बाहेरच्यांनी सांध्यात घातली.

देवनागरीसाठी मात्र वेगळा सांधा निवडला गेला, आणि ती निवड मला फार आवडते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट हे तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्यातून जिस्ट कार्ड तयार झालं. पीसीच्या स्लॉटमध्ये खोचायचं एक कार्ड. डॉसला हात नाही, डीबेससारख्या प्रोग्रॅमलाही हात नाही. कीबोर्डकडून कोड येतात आणि स्क्रीनवर आकार उमटतात, त्या टोकांशी देवनागरीची व्यवस्था बसवली.

पण कार्डापेक्षाही महत्त्वाची होती कोडची मांडणी. एका बाइटमध्ये २५६ कोड बसतात. इंग्रजी मजकूर त्यातले पहिले १२८ वापरतो. इस्की या भारतीय मानकाने, जे १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने स्वीकारलं, भारतीय अक्षरं वरच्या १२८ मध्ये ठेवली. त्यामुळे डीबेसच्या नजरेने बघितलं तर एका रकान्यात काही मोठ्या आकड्यांचे बाइट आलेत, एवढंच. त्याने ते जपून ठेवले, शोधले, क्रमाने लावले. ती मराठी नावं आहेत हे त्याला कधी कळलंच नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.

क्रमाने लावले, असं मी सहज लिहून गेले, पण ते आपोआप झालेलं नाही. इस्कीमध्ये कोडचे आकडे वर्णमालेच्या क्रमाने आहेत. आधी स्वर, मग व्यंजनं, मग मात्रा, आणि मात्रांनंतर हलन्त. म्हणून नुसते बाइट लहान-मोठे लावले तरी 'क', मग 'का', 'कि', 'की', आणि शेवटी 'क्य', 'क्ष' अशी जोडाक्षरं येतात, शब्दकोशात येतात तशी. बंद प्रोग्रॅमच्या आतलं क्रम लावण्याचं यंत्र एका अक्षरानेही न बदलता मराठीसाठी राबवून घेतलं.

पूर्ण जमलं का? नाही. मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' च्या नंतर. इस्कीमध्ये एकच मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांसाठी होती, तिथे 'ळ' आहे 'ल' च्या शेजारी. त्यामुळे अस्सल मराठी क्रम त्या वाटेने मिळत नाही. आणि रकान्यांचं गणित वेगळंच. 'स्त्री' मध्ये सहा कोड आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, आणि दीर्घ ईची मात्रा. प्रोग्रॅम मोजणार सहा, डोळ्यांना दिसणार एक अक्षर. ८० रकान्यांच्या स्क्रीनवर सरळ तक्ता आखायचा तर हा फरक कुणीतरी सांभाळायला लागतोच.

पुढे विंडोज आलं आणि बऱ्याच जणांनी दुसरा सांधा धरला: फॉन्ट. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढलेला फॉन्ट बनवायचा. विंडोजला वाटतं आपण इंग्रजी दाखवतोय, वाचणाऱ्याला मराठी दिसतं. बनवायला सोपं, छपाईला सुंदर. पण फाइलमध्ये मराठी नसतेच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर सगळी गिचमिड, शोधायला गेलं तर काही सापडत नाही, क्रम लावला तर भलताच लागतो. त्या काळातल्या डीटीपीच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम ज्यांनी केलंय त्यांना यावर वेगळं सांगायला नको.

दोन्ही ठिकाणी सोर्स कोड नव्हता. दोन्हीकडे स्क्रीनवर 'पुणे' उमटलं. पण एकात कोडच्या सांध्यावर काम झालं, दुसऱ्यात फक्त आकाराच्या. पहिल्यात शोध, क्रम, साठवण ही बाकीची फीचर्स त्याच कोडवर चालली. दुसऱ्यात फक्त दिसण्याची सोय झाली. युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीच्याच मांडणीवर बेतला गेला, आणि विंडोज २००० मध्ये देवनागरी अधिकृतपणे आली तेव्हा ती या मांडणीनेच आली. बाहेरून लावलेली गोष्ट नीट बेतलेली असेल तर आतले लोक ती उचलतात. फॉन्टचा जुगाड कुणी उचलला नाही.

आत काय चाललंय ते ओळखणं

आतापर्यंत आपण काहीतरी घालत होतो. पण पुष्कळदा फीचर घालायला आधी माहिती लागते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती सांगत नाही. इथे २००१ च्या एसओएसपी या परिषदेतला एक पेपर मी सगळ्यांना वाचायला सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आंद्रेया आणि रेम्झी आर्पाची-दुसो यांचा. विषय: ग्रे बॉक्स सिस्टिम्स.

पूर्ण बंद डबा म्हणजे ब्लॅक बॉक्स. पूर्ण उघडा म्हणजे व्हाइट बॉक्स. ते म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी काहीच नाही. कोड दिसत नसला तरी ती साधारण कशी वागते हे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. मेमरी भरली की फार दिवस न वापरलेलं पान बाहेर जातं. एका फोल्डरमधल्या फाइली डिस्कवर जवळजवळ ठेवायचा प्रयत्न होतो. या सर्वसाधारण ज्ञानाला मोजमापाची जोड दिली की आतली अवस्था ओळखता येते. डबा करडा होतो.

त्यांचं पहिलं उदाहरण घ्या. समजा तुमच्या मशीनची मोकळी मेमरी ८ जीबी आहे आणि तुम्हाला १० जीबीची फाइल पुन्हा पुन्हा वाचायची आहे. वाटतं की दुसऱ्यांदा निदान ८ जीबी तरी मेमरीतून पटकन मिळेल. पण सिस्टिम जुनं आधी फेकत असेल तर असं होत नाही. शेल्फवर आठ पुस्तकं मावतात आणि दहा क्रमाने वाचायची, असा विचार करा. दहावं वाचून होतं तेव्हा शेल्फवर तीन ते दहा असतात. तुम्ही पुन्हा एकपासून सुरू करता. एक नाही, म्हणून आणायचं, त्यासाठी तीन बाहेर. मग दोन आणायचं, चार बाहेर. आता तीन हवं, ते तर आत्ताच बाहेर गेलं! प्रत्येक पुस्तक हवं असतं त्याच्या जरा आधी गेलेलं असतं. मेमरी भरलेली, फायदा शून्य.

जे आत आहे ते आधी वाचून घेतलं तर? मग आठ पुस्तकं फुकटात, फक्त दोन आणायची. पण आत काय आहे ते सिस्टिम सांगत नाही. मग विचारायचं कसं? घड्याळाने. फाइलचा एक बाइट वाचा आणि वेळ मोजा. मेमरीतून आला तर मायक्रोसेकंदांत, फिरत्या डिस्कवरून आला तर मिलिसेकंदांत. फरक हजारपटीचा, त्यामुळे ओळखायला कठीण नाही.

गोम पुढे आहे. बाइट वाचून बघितला की तो नसला तरी आता मेमरीत येतो, आणि त्याच्यासाठी दुसरं काहीतरी बाहेर जातं. म्हणजे बघितल्यानेच परिस्थिती बदलते. भात शिजला का बघायला सारखं झाकण उघडलं तर तो शिजायचाच नाही, तसं. म्हणून त्यांनी फाइलचे मोठे मोठे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यातल्या यादृच्छिक जागचे मोजकेच बाइट तपासले. एक बाइट आत असेल तर शेजारचेही असतील, असा अंदाज. हा अंदाज का चालतो? कारण बहुतेक प्रोग्रॅम फाइल सलग वाचतात. म्हणजे इथे एक गृहीतक घातलं आहे. ते अंगठा ठेवून लक्षात ठेवा.

लिनक्स, नेटबीएसडी आणि सोलारिस अशा तीन सिस्टिम्सवर त्यांनी हे करून दाखवलं, आणि एकाही कर्नलची एक ओळसुद्धा बदलली नाही. वर एक छोटं साधन दिलं, जे फाइलींची नावं घेतं आणि मेमरीत आहेत त्या आधी अशा क्रमाने परत देतं. ते ग्रेपसारख्या तयार प्रोग्रॅमला जोडलं की ग्रेपचाही कोड बदलावा लागत नाही.

दुसऱ्या उदाहरणात त्यांनी फाइलचा आय-नंबर वापरला. त्या काळच्या फाइल सिस्टिम्समध्ये या क्रमांकाचा क्रम आणि डिस्कवरची जागा यांचं बऱ्यापैकी जुळतं, म्हणून क्रमांकाने लावून फाइली वाचल्या तर डिस्कचा दांडा कमी नाचतो. तिसरं उदाहरण मोकळी मेमरी किती आहे ते चाचपण्याचं. ती दोन्ही पेपरमध्येच वाचा.

याच पेपरात टीसीपीकडेही ग्रे बॉक्स म्हणून बघितलं आहे, आणि ते वाचताना मला एकदम लख्ख दिसलं. नेटवर्कच्या मधल्या राउटरवर किती गर्दी आहे हे टीसीपीला कुणी सांगत नाही. तो समजतो की पाकीट हरवलं म्हणजे गर्दी झाली, आणि वेग कमी करतो. तारेच्या नेटवर्कवर हे छान चाललं. वायरलेस आलं आणि पाकिटं गर्दी नसतानाही, सिग्नल खराब म्हणून हरवायला लागली. टीसीपी उगाचच हळू. गृहीतक बदललं आणि फीचर उलटलं. आय-नंबरच्या युक्तीचंही तेच. एसएसडीत नाचायला दांडाच नाही, त्यामुळे ती मेहनत आज जवळजवळ वाया.

मुलाखतीत किंवा व्हायव्हात कुणी विचारलं की सोर्स कोडशिवाय फीचर घालण्याची किंमत काय, तर "वेग कमी होतो" हे उत्तर अर्धवट आहे. वेग मोजता येतो, पेपरमध्ये आलेख काढता येतो. खरी किंमत म्हणजे तुम्ही आतल्या वागण्याबद्दल धरलेली गृहीतकं, जी पुढच्या अपडेटमध्ये कुणालाही न सांगता बदलू शकतात.

आणखी एक. मेमरीत काय आहे ते ओळखणं हे फीचर आहे, तसंच ते गळतीही आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमने नुकतीच कोणती फाइल वाचली, हे त्यावरून कळतं. लिनक्समध्ये मिनकोर नावाचा सिस्टिम कॉल ही माहिती सरळ द्यायचा. २०१९ मध्ये काही संशोधकांनी तिचा हल्ल्यासाठी वापर करून दाखवला आणि त्यानंतर तो कॉल आवळला गेला. तुम्ही सांध्यातून जे बघता ते दुसराही बघू शकतो. तुमच्या प्रस्तावात यावर एक परिच्छेद असायलाच हवा, परीक्षक विचारणारच.

खालून, वरून, आणि बंद होणारी दारं

सांधे अजून आहेत. वरच्या बाजूला, प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्या मधे बसण्याला इंटरपोझिशन म्हणतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून १९९९ मध्ये आलेलं डिटूर्स हे त्याचं गाजलेलं उदाहरण: चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत एखाद्या फंक्शनच्या पहिल्या काही सूचना काढून तिथे आपल्या कोडकडे जाणारी उडी ठेवायची, काढलेल्या सूचना बाजूला जपायच्या, म्हणजे मूळ फंक्शनही हवं तेव्हा बोलावता येतं. खालच्या बाजूला व्हर्च्युअल मशीन. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या डिस्को या प्रकल्पाने नव्या प्रकारच्या मोठ्या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टिम पार बदलत बसण्यापेक्षा तिच्या खाली एक थर सरकवला. त्यातल्याच काहींनी पुढे व्हीएमवेअर काढली. खालून दिसतंही पुष्कळ: प्रत्येक प्रोसेसचा पेज टेबल वेगळा, आणि एक्स८६ प्रोसेसरवर प्रोसेस बदलली की एका ठरावीक रजिस्टरमध्ये नवा पत्ता जातो. विस्कॉन्सिनच्याच अँटफार्म या २००६ च्या कामात त्या रजिस्टरवर नजर ठेवून वरच्या सिस्टिमला न विचारता तिच्या प्रोसेस मोजल्या.

पण प्रत्येक सांधा कायम उघडा राहत नाही. विंडोजवर अँटिव्हायरस बनवणारे कर्नलमधला सिस्टिम कॉलचा तक्ता बदलायचे, डॉसच्या इंटरप्टसारखाच प्रकार. २००५ मध्ये ६४ बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने कर्नलवर पहारा बसवला. कुणी आत फेरफार केलेला आढळला तर सिस्टिम थेट बंद पडते. सुरक्षेच्या कंपन्यांनी आरडाओरडा केला, आणि त्यातून पुढे त्यांना अधिकृत इंटरफेस मिळाले. इथे मागणीचा मार्ग आणि चोरवाट एकमेकांना भेटतात. अनेक जण एकाच ठिकाणी भिंत फोडत असतील, तर तिथे दाराची गरज आहे याचा तो पुरावाच असतो.

अधिकृत दारही सुरक्षित असतंच असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे कर्नलमध्ये बसलेला त्यांचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. विमानं रखडली, हॉस्पिटलांची कामं थांबली. ड्रायव्हर रीतसर सही केलेला होता. सांधा कर्नलच्या आतल्या बाजूला असेल तर तुमची चूक ही सगळ्या मशीनची चूक होते. जे काम बाहेर बसून जमतं ते आत का नेताय, याचं उत्तर प्रस्तावात द्या.

तुम्ही सुरुवात कुठून कराल

एक पद्धत मला फार उपयोगी वाटते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. लिनक्सवर काम करा, पण सोर्स कोड नाही असं समजून. तुमचं साधन बाहेरूनच बांधा, अंदाज बाहेरूनच काढा. आणि मग अंदाज बरोबर होता का, हे तपासण्यापुरता कोड उघडा. बंद सिस्टिमवर ही पडताळणी करता येत नाही, इथे येते. त्यानंतर तेच साधन विंडोजवर किंवा एखाद्या बीएसडीवर न बदलता चालवून बघा. जिथे मोडेल तिथे तुमचं लपलेलं गृहीतक सापडेल, आणि बऱ्याचदा पेपरमधला सगळ्यात वाचनीय भाग तोच होतो.

गृहीतकांची वेगळी यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येकापुढे लिहा: हे खोटं ठरलं तर माझं साधन हळू चालेल, की चुकीचं उत्तर देईल? पहिलं परवडतं. दुसरं असेल तर आराखडा बदला. जिस्टचं 'ळ' चं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं होतं, ग्रे बॉक्सची मेमरी ओळखण्याची युक्ती पहिल्या. अंदाज चुकला तरी फाइल शेवटी बरोबरच वाचली जाते, फक्त उशिरा.

कायद्याचं थोडक्यात. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे ते करत असताना त्याच्या चालण्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला मुभा आहे. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढण्याबद्दलही तिथे तरतूद आहे. परवान्याच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा बायनरी उलगडायला घेण्याआधी गाइडशी आणि संस्थेतल्या जाणकारांशी बोला. वेळ मोजून अंदाज बांधणाऱ्या कामात हा प्रश्न क्वचितच येतो, हाही त्याचा एक फायदा.

आज रात्रीच करून बघण्यासारखा प्रयोग: एक जीबीची फाइल घ्या, मशीन नुकतं सुरू केलेलं असताना ती वाचायला लागणारा वेळ मोजा, लगेच पुन्हा वाचून मोजा. मग मशीन पुन्हा सुरू करून फाइलचा फक्त अर्धा भाग वाचा, आणि पूर्ण फाइलमधल्या वेगवेगळ्या जागचा एकेक बाइट वाचून प्रत्येकाच्या वेळेचा आलेख काढा. दोन ढीग वेगळे दिसतात का बघा. एसएसडीवर ते फिरत्या डिस्कपेक्षा जवळ आलेले असतील, आणि मधे काही ठिपके कुठल्याच ढिगात न बसणारे असतील.

ते मधले ठिपके सोडून देऊ नका. एसएसडीच्या आत स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, कोणता डेटा कुठल्या चिपवर ठेवायचा आणि जुना कचरा कधी साफ करायचा हे ते परस्पर ठरवतं. त्याचा सोर्स कोड ना तुमच्याकडे, ना लिनक्सकडे. म्हणजे तिथे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच सोर्स कोड नसलेली वापरकर्ती आहे, आणि तिलाही घड्याळ लावूनच आतलं ओळखावं लागतं. यावर काम झालंय, होतंय, आणि त्यासाठी लागणारी मशीन तुमच्या पाठीवरच्या बॅगेत आहे.